किती वेळ लागला? स्प्रेडशीटमध्ये वेळ नोंदवायची आणि मोजायची रीत

पाच दिवसांच्या कामाची बेरीज मारली आणि उत्तर आलं सहा तास. आकडे समोरच होते: ६:३०, ५:४५, ७:१०, ४:२० आणि ६:१५. नुसती नजर फिरवली तरी कळत होतं की बेरीज पंचवीसच्या पुढे जाणार. प्रत्यक्षात ती बरोबर तीस तास होती. मी फॉर्म्युला तीनदा पुसून पुन्हा लिहिला, तिन्ही वेळा सहाच तास आले. शेवटी कागदावर बेरीज करून आकडा हातानं भरला. फॉर्म्युला पहिल्यापासून बरोबर होता, हे बऱ्याच दिवसांनी समजलं. चूक फक्त दिसण्यात होती.

स्प्रेडशीट वेळेकडे कशी बघते हे एकदा नीट समजून घेतलं की असे बहुतेक गोंधळ आपोआप सुटतात. म्हणून या लेखात आधी ते समजून घेऊ, मग तक्ता मांडू, आणि मग अडचणी एकेक करून सोडवू. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत ही रीत चालते. जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे.

एक सूचना आधीच. सेलची नावं, फंक्शनची नावं आणि फॉरमॅटची अक्षरं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. ‘बी२’ म्हणजे बी कॉलमची दुसरी ओळ. फॉरमॅटमध्ये ‘एच’ म्हणजे तास, ‘एम’ म्हणजे मिनिट, ‘एस’ म्हणजे सेकंद.

सेलच्या आत काय असतं

एका रिकाम्या सेलमध्ये १८:०० टाइप करून एंटर दाबा. आता त्याच सेलचा फॉरमॅट बदलून ‘नंबर’ करा. संध्याकाळचे सहा जातात आणि ०.७५ दिसतं. सेलमध्ये पहिल्यापासून तेवढंच होतं.

स्प्रेडशीटच्या लेखी एक अख्खा दिवस म्हणजे १. मध्यरात्र ०, दुपारचे बारा ०.५, संध्याकाळचे सहा ०.७५. एक तास म्हणजे १ भागिले २४, एक मिनिट म्हणजे १ भागिले १४४०, एक सेकंद म्हणजे १ भागिले ८६४००. तारीख म्हणजे पूर्णांक, एका ठरलेल्या दिवसापासून मोजलेले दिवस. १ जानेवारी २०२५ ही तारीख ४५६५८ या आकड्यानं साठवली जाते, आणि त्या दिवशीचे संध्याकाळचे सहा म्हणजे ४५६५८.७५. टिंबाच्या डावीकडे तारीख, उजवीकडे वेळ.

मोजणी कुठून सुरू होते? एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ आहे. गूगल शीट्स आणि कॅल्क ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरतात, म्हणून त्यांच्याकडे १ जानेवारी १९०० चा क्रमांक २ येतो. हा एका दिवसाचा फरक २९ फेब्रुवारी १९०० मुळे मिटतो. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमनं ते लीप धरलं होतं आणि त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनंही ती चूक ठेवली. त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे तिन्ही ठिकाणी आकडे सारखेच आहेत. त्यापूर्वीच्या तारखांशी काम नसेल तर याची काळजी करायचं कारण नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, गेलेला वेळ काढायला खास फंक्शन लागत नाही, साधी वजाबाकी पुरते. दोन, सेलमध्ये काय आहे आणि काय दिसतं या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर विचित्र दिसलं की फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी सेलचा फॉरमॅट ‘नंबर’ करून आतला आकडा बघा. मी आता हे सर्वांत आधी करतो.

तक्ता मांडताना

‘वेळ’ नावाचा एकच कॉलम करून त्यात ‘अडीच तास’ असं लिहिणारे खूप जण असतात. तसं करू नका. अडीच तास हा आठवणीतून काढलेला अंदाज असतो आणि तो नंतर तपासता येत नाही. सुरुवात कधी झाली आणि शेवट कधी झाला हे दोन क्षण लिहून ठेवले तर अवधी हवा तेव्हा, हवा तसा काढता येतो: मिनिटांत, तासांत, विश्रांती वजा करून, कामानुसार वेगळा. लेखभर मी ज्याचा आग्रह धरणार आहे ती गोष्ट हीच आहे. क्षण आपण नोंदवायचे, अवधी शीटनं काढायचा.

पहिल्या ओळीत हे मथळे द्या. ए कॉलममध्ये ‘काम’, बी मध्ये ‘सुरुवात’, सी मध्ये ‘शेवट’, डी मध्ये ‘खंड’ म्हणजे मधे थांबलेला वेळ, ई मध्ये ‘लागलेला वेळ’, एफ मध्ये ‘मिनिटं’ आणि जी मध्ये ‘टीप’. पहिली ओळ फ्रीझ करून टाका, म्हणजे खाली सरकलात तरी मथळे दिसत राहतील.

सुरुवात आणि शेवट या दोन्ही सेलमध्ये तारीख आणि वेळ एकत्र लिहा. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. पण काम मध्यरात्र ओलांडून गेलं किंवा दोन दिवस चाललं तरी अशा नोंदीतली वजाबाकी चुकत नाही. आधीच्या शीटमध्ये तारीख आणि वेळ वेगवेगळ्या कॉलममध्ये असतील तर त्या दोघांची सरळ बेरीज करा, एकत्र क्षण मिळतो. तारीख पूर्णांक आणि वेळ अपूर्णांक असल्यामुळे ही बेरीज जमते.

बी आणि सी हे कॉलम निवडून त्यांना कस्टम फॉरमॅट द्या: वायवायवायवाय-एमएम-डीडी एचएच:एमएम. यात ‘एम’ दोनदा आलाय. पहिला महिना, दुसरा मिनिट. शेजारी तास किंवा सेकंद असला तरच ‘एम’चा अर्थ मिनिट होतो, नाही तर महिना. नुसतं ‘एमएम’ लिहून मिनिटं दाखवू पाहाल तर महिन्याचा आकडा दिसेल, आणि तो मिनिटांसारखाच दिसतो म्हणून पटकन लक्षात येत नाही.

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस हा क्रम मी मुद्दाम सुचवतोय. ३/४/२०२५ ही कुठे ३ एप्रिल असते आणि कुठे ४ मार्च, ते त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून. २०२५-०४-०३ असं लिहिलं की शंका उरत नाही. दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडली तर बारा तारखेच्या पुढची एखादी नोंद शोधा आणि ती बरोबर वाचली गेली आहे का ते पाहा. १३ पासूनच्या तारखा मजकूर होऊन पडल्या असतील तर बारापर्यंतच्या तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटे झाले आहेत असं समजा.

क्षण टिपणं

काम सुरू करताना हातानं वेळ टाइप करण्यापेक्षा शॉर्टकट वापरा. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख येते. कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविराम दाबला की आत्ताची वेळ येते. एक्सेलमध्ये दोन्ही एकाच सेलमध्ये हवे असतील तर पहिला शॉर्टकट, मग स्पेस, मग दुसरा शॉर्टकट. गूगल शीट्समध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि अर्धविराम एकत्र दाबले की तारीख-वेळ एकदम येते. ही नोंद कायमची असते, नंतर बदलत नाही.

इथे नवीन माणूस हमखास =नाऊ() वापरतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. नाऊ म्हणजे ‘आत्ता’, आणि शीटमध्ये काहीही बदललं की ते ‘आत्ता’ पुन्हा मोजलं जातं. सकाळी नऊला केलेली नोंद संध्याकाळी फाइल उघडली की संध्याकाळची होते, आणि मूळ वेळ परत मिळत नाही. क्षण साठवायला नाऊ कधीच वापरू नका.

एक्सेलचा शॉर्टकट सेकंद धरत नाही, तास आणि मिनिटंच लिहितो. सेकंद हवे असतील तर सेलमध्ये =नाऊ() टाइप करा आणि एंटर दाबण्याआधी एफ९ दाबा. फॉर्म्युल्याच्या जागी त्या क्षणाचा आकडा येतो, मग एंटर. आता तो गोठला. सेलला एचएच:एमएम:एसएस असा फॉरमॅट द्या.

हातानं टाइप करावंच लागलं तर चार ठिकाणी जपा.

पहिलं टिंब. मराठीत आपण सर्रास ‘सकाळी १०.३०’ असं लिहितो. शीटला मात्र १०.३० हा दशांश अपूर्णांक वाटतो: दहा दिवस, सात तास आणि बारा मिनिटं. वेळ लिहिताना तास आणि मिनिटांच्या मधे दोन टिंबं, म्हणजे कोलनच हवा.

दुसरं एएम-पीएम. एक्सेलमध्ये आकडा आणि पीएम यांच्यात जागा सोडली नाही तर ती वेळ न राहता नुसता मजकूर होतो. चोवीस तासांची वेळ लिहायची सवय लावून घ्या, ६:३० सकाळचे आणि १८:३० संध्याकाळचे. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांतला गोंधळही त्यानं संपतो.

तिसरं मिनिटं आणि सेकंद. साडेपाच मिनिटं लिहायची म्हणून ५:३० टाइप केलं तर शीट ते साडेपाच तास समजते. ०:०५:३० असं पूर्ण लिहा. शंभर ओळी आधीच चुकीच्या भरल्या असतील तर पुन्हा टाइप करत बसू नका. शेजारच्या कॉलममध्ये त्या सेलला ६० नं भागा, तास मिनिटं होतात आणि मिनिटं सेकंद.

चौथं खंडाचा कॉलम. अर्धा तास थांबलात म्हणून डी मध्ये ३० लिहिलं तर ते तीस दिवस होतात. ०:३० लिहा.

नोंद भरणारे एकाहून जास्त असतील तर सी कॉलमवर डेटा व्हॅलिडेशन लावा. कस्टम फॉर्म्युला असा: =सी२>=बी२. शेवट सुरुवातीच्या आधीचा असेल तर शीट तो घेणारच नाही. आणि नोंदी फॉर्ममधून येत असतील, जसं गूगल फॉर्म, तर प्रत्येक उत्तराची वेळ आपोआप लिहिली जाते, तोच कॉलम वापरा.

वजाबाकी

ई२ मध्ये हा फॉर्म्युला द्या:

=सी२-बी२-डी२

सुरुवात ९:४०, शेवट १३:०५, खंड ०:२०. उत्तर ३:०५. कधी कधी ३:०५ ऐवजी ०.१२८ असं काही दिसेल किंवा १९०० सालातली तारीख दिसेल. घाबरू नका, उत्तर बरोबर आहे, फॉरमॅट बदलायचा आहे. ई कॉलम निवडून कस्टम फॉरमॅट द्या: [एच]:एमएम. तासाच्या अक्षराभोवतीच्या चौकटी कंसाचं महत्त्व पुढे येतंच आहे. गूगल शीट्समध्ये हेच काम ‘फॉरमॅट’, ‘नंबर’, ‘ड्युरेशन’ यातून होतं.

काम अजून चालू असेल तर सी२ रिकामा असतो. रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्यातून ४५६५८.४ वजा केलं तर भलंमोठं ऋण उत्तर येतं. म्हणून फॉर्म्युला जरा सांभाळून लिहा:

=इफ(ऑर(बी२="",सी२=""),"",सी२-बी२-डी२)

दोन्हीपैकी एक जरी रिकामा असेल तर उत्तरही रिकामं. पण चालू कामाला आतापर्यंत किती वेळ गेला हे बघायचं असेल तर नाऊ वापरायची योग्य जागा हीच:

=इफ(सी२="",नाऊ(),सी२)-बी२-डी२

इथे उत्तर बदलत राहावं असंच आपल्याला हवं आहे. ते घड्याळासारखं दर सेकंदाला पळत नाही, शीट पुन्हा मोजली की बदलतं. गूगल शीट्सच्या सेटिंगमध्ये दर मिनिटाला मोजायची सोय आहे.

तीस तासांचे सहा तास का झाले

साधा एच:एमएम हा घड्याळाचा फॉरमॅट आहे. घड्याळात चोवीसनंतर पुन्हा शून्य येतो. तीस तास म्हणजे आतला आकडा १.२५, पण घड्याळ फक्त टिंबानंतरचा भाग दाखवतं. ०.२५ म्हणजे सहा तास. एक अख्खा दिवस सेलच्या आत आहे, फक्त दिसत नाही.

[एच]:एमएम मधला चौकटी कंस सांगतो की तास चोवीसला तोडू नका, साचू द्या. [एम] लिहिलं तर एकूण मिनिटं साचतात आणि [एस] लिहिलं तर एकूण सेकंद. बेरीज नेहमीचीच, =सम(ई२:ई२००), आणि बेरजेच्या सेललाही तोच कंसाचा फॉरमॅट. हे वाक्य दोनदा वाचा, कारण ओळींना फॉरमॅट देऊन बेरजेचा सेल विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ओळी चोवीस तासांच्या आत असतात म्हणून बरोबर दिसतात, बेरीज मात्र गप्पपणे कमी दिसते, आणि कोणी हातानं ताडून पाहिलं नाही तर तीच पुढे जाते.

आवर या फंक्शनलाही हाच नियम लागू आहे. तीस तासांच्या सेलवर =आवर(ई१०) चालवलं तर उत्तर ६ येईल. ते घड्याळाचा तास सांगतं, अवधी नाही.

दिवसही दाखवायचे म्हणून डी एच:एमएम असा फॉरमॅट देऊ नका. त्यातला ‘डी’ महिन्याची तारीख दाखवतो, आणि एकतीसच्या पुढे गेलं की पुन्हा एकवर येतो. दिवस वेगळे हवे असतील तर =इंट(सी२-बी२) वेगळ्या सेलमध्ये काढा.

एकेका कामाची बेरीज हवी असेल तर =समइफ(ए२:ए२००,"लेखन",ई२:ई२००). ए कॉलममध्ये कामाचं नाव प्रत्येक वेळी एकसारखं लिहिलेलं हवं. ‘लेखन’ एकदा आणि ‘लिखाण’ एकदा असं असेल तर दोन वेगळ्या बेरजा होतील, म्हणून तिथे यादीतून निवडायचा ड्रॉपडाउन लावा.

मध्यरात्र

बी आणि सी मध्ये तारीख असेल तर हा भाग सोडून पुढे जा. ज्यांच्याकडे नुसत्या वेळा आहेत त्यांच्यासाठी हे आहे.

सुरुवात २२:३०, शेवट १:१०. वजाबाकी केली तर ऋण उत्तर, आणि एक्सेल ऋण वेळ दाखवत नाही. सेल भरून नुसत्या हॅशच्या खुणा दिसतात. कॉलम कितीही रुंद केला तरी त्या जात नाहीत. उपाय:

=मॉड(सी२-बी२,१)

मॉड म्हणजे भागाकाराची बाकी. इथे भाजक १ आहे, म्हणजे एक दिवस, आणि ऋण आकड्यात तो एक दिवस आपोआप मिळवला जातो. उत्तर २:४०. दिवसाच्या दिवसात संपलेल्या कामाला याचा काही त्रास नाही, त्यामुळे सगळ्या ओळींना हाच फॉर्म्युला चालतो. मर्यादा एकच: काम चोवीस तास किंवा त्याहून जास्त चाललं असेल तर मॉड ते पूर्ण दिवस टाकून देतो. सव्वीस तासांचं काम दोन तासांचं दिसतं, आणि त्यात काही चुकलं आहे असा एकही इशारा मिळत नाही. तारखेसकट नोंद करा असं मी वर का म्हणालो त्याचं कारण हे.

ऋण वेळ कधी कधी खरीच हवी असते, उदाहरणार्थ अंदाजापेक्षा किती कमी वेळ लागला ते बघायला. गूगल शीट्स आणि कॅल्क ती दाखवतात. एक्सेलमध्ये १९०४ ची तारीख पद्धत, म्हणजे १९०४ सालापासून दिवस मोजणारी, निवडली तर दिसते, हे खरं आहे. पण भरलेल्या फायलीत ती निवडली की आधीच्या सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी सरकतात. मी हा मार्ग घेत नाही. फरक मिनिटांत काढतो, ऋण मिनिटं हा साधा आकडा असतो आणि तो कुठेही दिसतो.

दीड म्हणजे १:३० की १.५?

सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. बोलताना आपण तासाचे चार भाग करतो आणि त्यात कुणाची गफलत होत नाही. लिहिताना होते, कारण लिहायच्या पद्धती दोन आहेत. घड्याळाच्या पद्धतीत दीड तास १:३० असतो आणि दशांशात १.५. पावणेतीन तास म्हणजे २:४५, पण दशांशात २.७५. २.४५ लिहिलं तर ते दोन तास सत्तावीस मिनिटं होतात. अठरा मिनिटं कुठे गेली ते नंतर शोधूनही सापडत नाही.

तासाच्या दरानं गुणायचं असेल, आलेख काढायचा असेल किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमला आकडे द्यायचे असतील तर दशांश तास हवेत. आतला आकडा दिवसांत आहे, म्हणून =ई२*२४. या सेलचा फॉरमॅट ‘नंबर’ ठेवा. शीट बऱ्याचदा शेजारचा वेळेचा फॉरमॅट आपोआप उचलते आणि मग ३.०८ ऐवजी ७४:०० असं काहीतरी दिसतं. दराचं गणित करताना २४ नं गुणायचं राहिलं तर रक्कम चोविसाव्या हिश्श्याएवढीच येते. रक्कम अविश्वसनीय इतकी लहान वाटली की आधी हेच तपासा.

उलट दिशेनं, कुणी २.७५ असे दशांश तास दिले असतील तर २४ नं भागा आणि [एच]:एमएम फॉरमॅट द्या.

आकड्यांतली सूक्ष्म गळती

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मोठ्या नोंदवहीत याच जागी सर्वांत न समजणाऱ्या चुका होतात, म्हणून थोडा वेळ द्या.

१ भागिले १४४० हा आकडा संगणकाला पूर्ण अचूक साठवता येत नाही, जसं एक तृतीयांश आपल्याला दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. त्यामुळे दोन क्षणांतली वजाबाकी दिसायला ०:१० असली तरी आतून किंचित कमी-जास्त असू शकते. =ई२=टाइम(०,१०,०) याचं उत्तर मग ‘नाही’ येऊ शकतं. याहून वाईट म्हणजे =इंट(ई२*२४) हे बरोबर तीन तासांच्या कामाला कधी २ देऊ शकतं, कारण आत २.९९९९९९ असं काही असतं आणि इंट खालचाच पूर्णांक घेतो.

म्हणून एफ कॉलम. त्यात मिनिटं पूर्णांकात आणा:

=इफ(ई२="","",राउंड(ई२*१४४०,०))

आता पुढची सगळी तुलना, विभागणी, शब्दांत मांडणी या मिनिटांवर करा. ‘३ तास ५ मिनिटं’ असं वाचायला हवं असेल तर:

=इंट(एफ२/६०)&" तास "&मॉड(एफ२,६०)&" मिनिटं"

हा मजकूर झाला, त्याची बेरीज होत नाही. त्यामुळे तो वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि मूळ आकड्यांना धक्का लावू नका.

पाव तासाच्या टप्प्यात वेळ पूर्णांकित करायची असेल तर दिवसात असे ९६ टप्पे असतात: =राउंड(ई२*९६,०)/९६. पण कुठे पूर्णांकित करायचं याचा विचार करा. सात-सात मिनिटांची दहा कामं झाली तर एकूण सत्तर मिनिटं. प्रत्येक ओळ पाव तासात पूर्णांकित केली तर प्रत्येक सात मिनिटांचं शून्य होतं आणि बेरीजही शून्य. आठ-आठ मिनिटांची दहा कामं असतील तर ऐंशी मिनिटांची दीडशे होतात. ओळी जशा आहेत तशा ठेवून शेवटची बेरीज पूर्णांकित करा. दुसऱ्या कुणी नियम ठरवून दिला असेल तर तो पाळावा लागेल, तेव्हाही मूळ मिनिटांचा कॉलम पुसू नका.

वेळेसारखा दिसणारा मजकूर

दुसऱ्या फायलीतून आणलेल्या वेळा कधी कधी बेरजेत धरल्याच जात नाहीत. सम त्यांना निमूटपणे वगळतं. ओळखायची सोपी खूण: सेलला स्वतःहून कुठलंही अलाइनमेंट दिलेलं नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. खात्री करायची तर =इझनंबर(बी२). उत्तर ‘फॉल्स’ आलं तर तो मजकूर आहे. आधी आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा, मग आकडा करा: =व्हॅल्यू(ट्रिम(बी२)). तरीही त्रुटी आली तर बहुधा कोलनच्या जागी टिंब आहे. ‘शोधा आणि बदला’ यातून ते बदला, पण फक्त तेवढा कॉलम निवडून, नाही तर शीटमधले सगळे दशांश बिघडतील.

महिने, वर्षं आणि सरासरी

दोन तारखांमधले दिवस म्हणजे पुन्हा वजाबाकीच. कामाचे दिवस मोजायचे असतील तर =नेटवर्कडेज(बी२,सी२), सुट्ट्यांची यादी तिसऱ्या जागी देता येते. हे फंक्शन पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरतं, साधी वजाबाकी एकच धरते, म्हणून दोघांची उत्तरं शेजारी ठेवून तुलना करू नका. वर्षं आणि महिन्यांसाठी डेटडिफ आहे, पूर्ण वर्षांना "वाय" आणि उरलेल्या महिन्यांना "वायएम". उरलेल्या दिवसांसाठीचं "एमडी" मात्र टाळा, ते चुकीचं उत्तर देऊ शकतं असं मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलं आहे.

अवधींची सरासरी नेहमीच्या ॲव्हरेजनं बिनधास्त काढा. घड्याळाच्या वेळांची सरासरी मात्र फसवते. एकदा २३:५० ला झोपलात आणि एकदा ०:१० ला, तर सरासरी मध्यरात्र हवी, शीट सांगते दुपारचे बारा. उपाय असा: मदतीच्या कॉलममध्ये =मॉड(बी२+०.५,१) लिहून सगळ्या वेळा अर्धा दिवस सरकवा, त्यांची सरासरी काढा, आणि त्या सरासरीला पुन्हा =मॉड(सरासरी+०.५,१) करून मूळ जागी आणा.

घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे करणाऱ्या ठिकाणी किंवा वेगवेगळ्या कालविभागांतून नोंदी येत असतील तर सगळ्यांनी यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ लिहावी. सेलमधल्या आकड्याला कालविभाग नसतो, त्यामुळे शीटला तो फरक कधीच कळणार नाही.

वापरण्याआधी तपासणी

खऱ्या नोंदी भरण्याआधी या चार ओळी भरून बघा.

१. २०२५-०१-०१ ९:०० ते त्याच दिवशी १२:२५, खंड ०:२५. उत्तर ३:००.
२. २०२५-०१-०१ २२:३० ते २०२५-०१-०२ १:१०, खंड नाही. उत्तर २:४०.
३. २०२५-०१-०१ ८:०० ते २०२५-०१-०३ १०:००, खंड नाही. उत्तर ५०:००.
४. २०२४-०२-२८ २३:०० ते २०२४-०३-०१ १:००, खंड नाही. उत्तर २६:००, कारण २०२४ लीप वर्ष आहे.

बेरीज ८१:४० यायला हवी, दशांशात ८१.६७, मिनिटांत ४९००. बेरीज ९:४० दिसली तर बेरजेच्या सेलला चौकटी कंस दिलेला नाही. दुसऱ्या ओळीत हॅश दिसले तर तारीख भरलेली नाही. तिसऱ्या ओळीत २:०० दिसलं तर आधी आतला आकडा बघा: २.०८३३ असेल तर ई कॉलमचा फॉरमॅट घड्याळाचा राहिलाय, ०.०८३३ असेल तर फॉर्म्युल्यात मॉड राहिलाय. चारही ओळी जुळल्या की या शीटची एक प्रत ‘कोरी’ नावानं बाजूला ठेवा आणि दर महिन्याला त्याच प्रतीवरून नवीन सुरू करा.